कंपनीतला डिझायनर म्हणजे ‘लोगो मोठा करणारा कारकून’?

तापीकाठ
पुण्यात स्थिरावलेल्या एका धुळेकरानं इथे लिहिलंय, ‘कंपनीतला पगारी डिझायनर म्हणजे लोगो मोठा करणारा कारकून. काम शिकायचं तर एजन्सी गाठा, जळगावात सडू नका.’ वाचून डोकं फिरलं.

मी जळगाव एमआयडीसीत, पाइप आणि ठिबकच्या कंपनीत आहे. आमचा मागचा कॅटलॉग बाहेरच्या एजन्सीनं केला. दिसायला झकास. आत साध्या लॅटरलच्या, म्हणजे कोऱ्या नळीच्या, फोटोखाली इनलाइनचा, म्हणजे आतच ड्रिपर असलेल्या नळीचा, तक्ता, आणि इनलाइनच्या पानावर आयएसआय खुणेत १३४८८च्या जागी ४९८५. म्हणजे ठिबकच्या नळीला पीव्हीसी पाइपचं मानक! चूक आधी डीलरनं पकडली. प्लांटवर जाऊन नळी हातात घेणाऱ्याकडून हे झालं नसतं. पॅकिंगच्या पिशवीचं काम तर आणखी वेगळं. ती छापतात रोटोग्रॅव्हरनं, त्याला दर रंगाचा वेगळा सिलिंडर कोरावा लागतो. एकदा कोरला की ‘निळा जरा गडद करा ना’ म्हणायची सोय नाही. बसवा तिथे कारकून.

साक्रीवाला
पिशवी राहू द्या. साहेबांच्या पोराच्या वाढदिवसाचा फ्लेक्स कोण करतं? एचआरची महिला दिनाची पोस्ट? डीलरचा फोटो व्हॉट्सॲपवर येतो नखाएवढा, आणि तो लागतो वीस बाय दहाच्या बोर्डावर. हेच करून मी कंपनी सोडली. पोर्टफोलिओत काय लावणार, साहेबांचं हसू? एजन्सीत निदान ब्रीफ, म्हणजे काय करायचं ते, तरी लेखी असते.

तापीकाठ
लेखी ब्रीफ? कोणत्या एजन्सीत? पत्ता द्या, मीच अर्ज करतो.

कोरलवाला
वाढदिवसाचं सोडा हो. खरा ताप म्हणजे मुंबईच्या हेड ऑफिसची ब्रँड गाइडलाइन. पानंच्या पानं, पण मराठीसाठी एक ओळ नाही. त्यात नवी पोरं युनिकोड फॉन्ट टाकतात. आमच्या कोरल सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडली की वेलांटी एकीकडे, अक्षर दुसरीकडे. श्रीलिपीच्या फॉन्टात आजवर एक जोडाक्षर तुटलं नाही.

केळीचं पान
काका, तोच श्रीलिपीचा, युनिकोड नसलेला मजकूर वेबसाइटवर चिकटवून बघा. नुसता कचरा. असल्या फाइलमुळे आम्हाला अख्खी माहितीपुस्तिका परत टाइप करावी लागली. मुक्ता, बलू हे फॉन्ट फुकट मिळतात. चोरीचं जुनं कोरल बदला, युनिकोडला शिव्या नका घालू.

कोरलवाला
काका कोणाला म्हणतो रे? आणि चोरीचं कशावरून? रात्री अकराला फाइल फ्लेक्सवाल्याकडे जाते. तो तुझा मुक्ता इन्स्टॉल करत बसेल का?

केळीचं पान
मग अक्षरांचं चित्र, म्हणजे कर्व्ह, करून पाठवा की!

कोरलवाला
कर्व्ह केलं, आणि डीलरचा मोबाइल नंबर बदलला, तर? तू येणार रात्री, आकडे परत लावायला? या लाइनीत दाढी यायच्या आधीपासून आहे मी.

भरीत-कळणा
भांडा, पण दोघांच्याही बोर्डांवरचा ‘ल’ हिंदी वळणाचा असतो, तो आधी बघा. २००९च्या शासन निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श दिलाय. बऱ्याच युनिकोड फॉन्टांत भाषा मराठी निवडली की ही अक्षरं आपोआप येतात. पण निवडतो कोण?

कोरलवाला
घ्या, आले मास्तर.

साक्रीवाला
कथा चालनात रे भो? विषय नोकरीचा होता.

तापीकाठ, ४९८५ची चूक एजन्सीची, मान्य. पण एक सांगा, तुमचा डिझाइन विभाग मार्केटिंगखाली आहे की ॲडमिनखाली? आम्हाला ॲडमिनखाली टाकलेलं. रजेवर सही स्टोअरवाल्याची. रंग कोणता घ्यायचा हेही तोच सांगायचा, कारण शाई त्याच्या रजिस्टरला.

तापीकाठ
ॲडमिनखालीच. पण प्लांटवर जायला मला कोणी अडवत नाही, आणि प्रूफवर माझी सही झाल्याशिवाय पिशवी छापायला जात नाही. रजेचं वेगळं.

मूळ पोस्टवाला
‘जळगावात सडू नका’ हे मागे घेतो. तसं जळगाव आमच्या धुळ्यापेक्षा बरंच म्हणायचं. प्रूफवर सही तुमची, हेही मानलं. ‘कारकून’ मात्र राहू द्या. ॲडमिनखाली बसता, रजा स्टोअरवाल्याकडे मागता, दुसरं काय म्हणू?

तापीकाठ
स्टोअरवाला साक्रीवाल्यांचा होता. वाचत जा जरा, एजन्सीवाले.