गुलमर्गसाठी स्नोबोर्डला वॅक्स: कुठलं घ्यायचं, रत्नागिरीत लावायचं कसं, तपासायचं कसं?

भाट्ये_पूल
फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात गुलमर्ग, सहा दिवस. बोर्ड सेकंडहँड, १५६ सेंमी, बेस (खालचा तळ) सिंटर्ड, म्हणजे वॅक्स शोषून घेणाऱ्या प्लास्टिकचा. बेसवर एजच्या (कडेच्या पोलादी पट्टीच्या) लगत पांढुरके पट्टे दिसतायत आणि एजवर गंजाचे ठिपके आहेत. मुक्काम रत्नागिरी, त्यामुळे निघायच्या आधीचं सगळं काम घरीच करावं लागणार. तीन गोष्टी विचारायच्यात. वॅक्स कुठलं घ्यायचं, रंग बघून काहीच कळत नाही. घरची इस्त्री चालेल का? आणि लावलेलं वॅक्स बरोबर आहे की नाही हे इथे बर्फाशिवाय कसं कळणार?

कातळावरचा
रंग बघून घेऊच नका, वडीवर छापलेलं तापमान वाचा. रंगांचा नियम कंपनीगणिक बदलतो. स्विक्सचा लाल शून्याच्या आसपासच्या ओलसर बर्फासाठी असतो, तर टोकोचा लाल साधारण उणे ४ ते उणे १२ साठी. दोन्ही लाल, कामं वेगळी.

दुसरं म्हणजे ते तापमान बर्फाचं धरायचं, हवेचं नाही. दुपारी हवा ३ अंशांवर गेली तरी सावलीतला बर्फ उणे ४ ला असू शकतो. आणि बर्फ शून्याच्या वर कधीच जात नाही, पाणी होतो.

गुलमर्गची अडचण उंचीत आहे. गाव साधारण २,६५० मीटरवर, गोंडोलाचा (तिथल्या रोपवेचा) दुसरा टप्पा अफरवट शिखराच्या खांद्यावर ३,९०० च्या पुढे. वर कोरडा, करकरीत बर्फ आणि त्याच दिवशी दुपारी खाली लगदा. दोन्हीला एकच वॅक्स शंभर टक्के जुळणार नाही. मग झुकायचं ते थंडीकडे. थंड, ताज्या बर्फाचे कण टोकदार असतात, ते मऊ वॅक्समध्ये रुततात आणि बोर्ड जागच्या जागी धरल्यासारखा होतो. उलट कडक वॅक्स ओल्या बर्फावर थोडं मंद चालतं, इतकंच. पहिली चूक दिवस घालवते, दुसरी फक्त सपाटीवर चालायला लावते.

एकच वडी घ्यायची असेल तर उणे २ ते उणे ८ च्या पट्ट्यातली घ्या (स्विक्समध्ये तो जांभळा). दोन घेणार असाल तर जोडीला उणे ६ ते उणे १२ ची. शिवाय साफसफाईसाठी स्वस्तातली मऊ वडी. फ्लोरोवालं (फ्लोरीनची रसायनं घातलेलं) जुनं वॅक्स कोणी स्वस्तात देऊ केलं तर नको म्हणा. ती रसायनं निसर्गात विरत नाहीत, इस्त्रीखाली त्यांचा धूर छातीत जातो, आणि आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने २०२३-२४ च्या हंगामापासून स्पर्धांत ते बंदच केलंय.

निवतीचा_वारा
एवढी धावपळ कशाला? सर्फिंगवाल्यांकडे बोर्डाचं वॅक्स मिळतं की. उष्ण पाण्याचं असतं, उन्हात वितळत पण नाही लवकर.

मांडवी_जेटी
अरे बाबा, तां वॅक्स वेगळां, ह्यां वेगळां! सर्फबोर्डचं वॅक्स वरच्या बाजूला लावतात, पाय घसरू नये म्हणून. ते मुद्दाम चिकट केलेलं असतं. स्नोबोर्डचं खालच्या बाजूला, घसरावं म्हणून. अदलाबदल केली तर गोंडोलातून उतरल्यावर पाटावर बसल्यासारखे बसून राहाल.

त्याच दमात हेही लिहून ठेवतो, कारण पुढचा प्रश्न तोच येतो: मधमाश्यांचं मेण चिकट, नको. खोबरेल, कोकमतेल, काहीही चोळू नका. कोकमतेल भेगाळलेल्या टाचांना ठेवा. घरातली मेणबत्ती पॅराफिनची असते, ती ओल्या बर्फात थोडा वेळ निभावते, थंडीत दोन-चार उतारांत खरवडून जाते.

आंबोलीचं_धुकं
इस्त्रीचं सांगतो. चालते, पण वाफेची नको. तळाच्या भोकांत वॅक्स जातं आणि तिथे तापमान सारखं राहत नाही. जुनी, जड, सपाट तळाची कोरडी इस्त्री शोधा. एकदा वॅक्सला लावली की पुन्हा कपड्यांना नाही, हे घरात आधीच सांगून ठेवा.

तापमान वडीवर लिहिलेलं असतं, बहुतेकांचं १२० ते १४० च्या मधलं. इस्त्रीच्या चकतीवर एक ठिपका म्हणजे जास्तीत जास्त ११०, दोन ठिपके म्हणजे १५०. म्हणजे दोन्हींच्या मधे कुठेतरी. घरगुती इस्त्रीचा थर्मोस्टॅट सैल असतो, दिवा लागताना आणि विझताना बराच फरक पडतो. वडी टेकवल्यावर वॅक्स शांतपणे वितळून ओघळलं तर बरोबर, धूर निघाला तर जास्त. लगेच कमी करा. लेझरवाल्या थर्मामीटरवर विसंबू नका. चकचकीत धातूवर तो कमी आकडा दाखवतो.

काम सकाळी सहा-सातला करा. जानेवारीत आपल्याकडे तेव्हाच काय तो गारवा असतो. दुपारच्या उकाड्यात मऊ वॅक्स नीट घट्ट होत नाही, स्क्रेपरखाली लोण्यासारखं पसरतं. खळ्यात दोन स्टुलांवर बोर्ड उलटा टाका, खाली जुनी चादर. सारवलेल्या जमिनीवर वॅक्सचा कीस सांडला की पाय सरकणार हे गृहीत धरा.

आधी बाइंडिंग (बूट अडकवायचे पट्टे) काढा. बहुतेक बोर्डांना आठ स्क्रू असतात. कोन आणि अंतर यांचा फोटो काढून ठेवा. बाइंडिंग तसंच ठेवून तापवलं तर आवळलेल्या स्क्रूंच्या जागी बेसला खळगे पडतात.

गंज रबरी घासणीने, एजच्या दिशेने. मग मऊ वडीने सफाई: ओता, इस्त्री फिरवा आणि गरम असतानाच खरवडा. कीस करडा किंवा काळपट येईल. तो पांढरा येईपर्यंत पुन्हा. तुमच्या बोर्डाला दोनदा तरी लागेल. केरोसीन वगैरेने पुसू नका, बेस कोरडा पडतो.

आता खरं वॅक्स. वडी इस्त्रीला टेकवून एजच्या कडेने एक थेंबांची ओळ, मधे नागमोडी, थेंबांत बोटभर अंतर. १५६ च्या बोर्डाला १५ ते २० ग्रॅम पुरतं. पहिल्यांदा करणारे अर्धी वडी ओततात आणि तेवढीच नंतर खरवडून फेकतात. बोर्ड इस्त्रीपेक्षा रुंद असल्यामुळे दोन-तीन पट्ट्यांत नाकाकडून शेपटीकडे सावकाश जा. इस्त्रीच्या मागे चार-पाच बोटं ओलं, चमकतं वॅक्स दिसत राहिलं की वेग बरोबर. लगेच सुकलं तर घाईत आहात. हातभर लांब ओलं राहिलं तर फार रेंगाळताय.

इस्त्री थांबवायची नाही, एवढं एक पाळा. बेस पॉलिथिलीनचा, साधारण १३५ अंशांना वितळतो. इस्त्री त्या आकड्याच्या आसपास असूनही चालतं, कारण मधे पातळ वॅक्सचा थर असतो आणि ती सरकत असते. फोन वाजला तर आधी इस्त्री उचला. भाजलेला बेस गुळगुळीत, काचेसारखा दिसतो आणि त्या जागी नंतर वॅक्स शिरत नाही. पालथा हात बोर्डाच्या पाय ठेवायच्या बाजूला (उलटा टाकलाय, म्हणजे आता खालून) लावून बघा: कोमट लागलं की बास, चटका लागता कामा नये.

निदान तासभर सावलीत थंड होऊ द्या. पंखा चालेल, फ्रीज नाही. मग प्लास्टिकचा स्क्रेपर, नाकाकडून शेपटीकडे, दोन्ही हातांनी. खवणीवरच्या खोबऱ्यासारखा भुरभुरीत कीस निघाला तर वॅक्स घट्ट झालंय. लांब चिकट पट्टी निघाली तर अजून थांबा. काही निघेनासं होईपर्यंत खरवडायचं. काम बेसच्या आत मुरलेल्या वॅक्सचं आहे, वर राहिलेला थर ब्रेक लावतो. कॅरमवर मूठभर पावडर ओतली तर सोंगटी पळत नाही, तसंच. शेवटी एजवरचं वॅक्स पुसा, नायलॉनचा ब्रश दहा-बारा वेळा, त्याच दिशेने.

भाट्ये_पूल
धन्यवाद, खळ्याची जागा ठरली. पण तपासणीचं राहिलं. पाण्याचे थेंब टाकून बघतात ते खरं का?

कातळावरचा
थेंब गोल राहिला तर बेस साफ आहे आणि वॅक्स सगळीकडे पोचलंय एवढंच कळतं. तेवढ्यापुरतं करा. एखाद्या जागी थेंब पसरला तर तिथे इस्त्री पुन्हा. वेगाबद्दल तो काही सांगत नाही, कारण मऊ आणि कडक दोन्ही वॅक्सवर तो गोलच बसतो. घरी करण्यासारखी दुसरी परीक्षा नखाची: बेसवर नख ओढा, नखात वॅक्स आलं तर खरवडणं अपुरं आहे.

खरी परीक्षा वर. आणि ती बहुतेक लोक चुकीची करतात. सकाळी एका वॅक्सवर जातात, दुपारी दुसऱ्यावर आणि सांगतात की दुसरं चांगलं. तोवर बर्फच बदललेला असतो.

गुलमर्गच्या खालच्या मैदानात हलका उतार आणि पुढे सपाटी अशी जागा बघा. वरती एक काठी रोवा, तीच सुरुवात. धक्का न देता, काठी धरून सुटायचं, गुडघे तेवढेच वाकवून, एज न टेकवता सरळ. जिथे बोर्ड थांबेल तिथे खूण. घड्याळ लावायची गरज नाही, हाताने स्टॉपवॉच दाबण्यातली चूकच वॅक्सच्या फरकाएवढी असते. अंतर मोजणं जास्त भरवशाचं. पहिले दोन फेरे मोजू नका. वाट दबून गुळगुळीत होत जाते, त्यामुळे सुरुवातीचे फेरे आखूडच येतात.

दोन वॅक्स ताडायची तर सारखे दोन बोर्ड लागतात आणि माणूस एकच. आधी दोन्हींना एकच वॅक्स लावून मोजा, म्हणजे बोर्डांचा मूळचा फरक कळेल. नंतर वेगळं लावा. क्रम पहिला-दुसरा-दुसरा-पहिला असा, म्हणजे वाट गुळगुळीत होत गेल्याचा फायदा एकालाच मिळत नाही. एकाच बोर्डाचे तीन फेरे आपसांतच दोन मीटरने हलत असतील, तर दोन वॅक्समधला मीटरभराचा फरक सोडून द्या.

बर्फाचं तापमान स्वयंपाकघरातल्या सुईच्या थर्मामीटरने, उणे आकडे दाखवणारा बघून घ्या. सावलीत, वरच्या एक-दोन सेंटिमीटरमध्ये आडवा खुपसा. तो नसेल तर मूठ: हातमोज्यातून बर्फ पिठासारखा गळला तर कोरडा, लाडू वळला तर शून्याच्या जवळ, पिळल्यावर पाणी सुटलं तर ओला.

पाचवा_गिअर
वरच्यात एक भर. खोलीतून काढलेला गरम बोर्ड तडक बर्फावर टाकू नका. खालचा बर्फ वितळतो, लगेच गोठतो आणि बेसला खडबडीत कवच बसतं. कोकणातून जाणारे हमखास म्हणतात की वॅक्स चुकलं. वॅक्स ठीक असतं, बोर्ड पंधरा मिनिटं बाहेर उभा करायचा राहिलेला असतो. त्या पंधरा मिनिटांत नायलॉनचा ब्रश पुन्हा मारा, कारण थंडीत बेस आकसतो आणि इथे आत मुरवलेलं थोडं वॅक्स बाहेर येतं.

बाकी लक्षणं ओळखा. कोरड्या बर्फावर सुटतानाच धरतो: वॅक्स मऊ पडलं. दुपारी सपाटीवर चोखल्यासारखा ओढतो: बेसखाली पाण्याचा थर चिकटतोय, मऊ वॅक्स हवं आणि पितळी ब्रशने लांबीच्या दिशेने बारीक रेघा. पहिले तीन उतार मंद, मग सुटला: खरवडणं कमी झालं होतं. एजलगत पुन्हा पांढुरकं: वॅक्स संपलं. सहा दिवसांत एकदा तरी पुन्हा लावावं लागेल, वडी आणि स्क्रेपर सोबत न्या. घट्ट वडी सामानातून जाते. ज्वलनशील द्रावकातलं पातळ वॅक्स किंवा स्प्रे विमानात नेऊ नका.

मांडवी_जेटी
परत आल्यावरचं कोणी लिहिलं नाही आणि रत्नागिरीत बोर्ड मरतो तो तिथेच. बर्फाने जेवढं होत नाही तेवढं खाऱ्या हवेने एजचं होतं. आल्याबरोबर कोरडा पुसा, मऊ वॅक्स जाड ओता, एजवरूनही ओघळू द्या आणि खरवडू नका. पुढच्या हंगामापर्यंत तसंच. प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, आत घाम धरतो. पत्र्याखालच्या माळ्यावर तर नकोच, मे महिन्यात तिथे वॅक्स पाझरून खाली येतं. घरातल्या आतल्या भिंतीला, सुती चादरीत, उभा. बाइंडिंगचे स्क्रू वेगळ्या डबीत, तेलाचा हात लावून. परत बसवताना तेल पुसून टाका, नाहीतर उतारावर सैल होतात.

भाट्ये_पूल
एजच्या गंजाला रबरी घासणी इथे मिळाली नाही. बारीक पॉलिश पेपर चालेल?

आंबोलीचं_धुकं
४०० नंबरचा पाण्याचा पॉलिश पेपर, लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून. बेसच्या बाजूला चिकटपट्टी लावून घ्या म्हणजे ओरखडा जाणार नाही. ठिपके गेले की थांबा, चकचकीत करायच्या नादात धार गोल होते. काम झालं की तेलाचं बोट एजवरून फिरवा, बेसला लागू देऊ नका.