प्रति: आनंद मेळाव्यात शिकतं कोण, मुलं की आया?

वर कुणीतरी लिहिलंय की शाळेच्या आनंद मेळाव्यात सगळं आयाच करतात, मुलं नुसती उभी असतात. अर्धं पटलं. यंदा शेंगा चटणीच्या पुड्या मीच बांधल्या, आमच्या धाकट्याने गिऱ्हाइकाआधी दोन फोडून खाल्ल्या!

पण त्याच दिवशी एका मुलीचे आजोबा आले होते. उभा जन्म यंत्रमागावर गेलेला. त्यांनी दुसरीच्या पोरांकडून पुठ्ठ्याचा माग करून घेतला. पुठ्ठ्याला वर-खाली खाचा, त्यात सुतळीचा ताणा, म्हणजे उभे धागे, आणि बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्यांना, जुन्या साडीच्या चिंध्या. एकीवरून, एकीखालून. पोरांनी चिंधी इतकी ओढली की कापड मधोमध आवळून डमरू झालं. आजोबा शांतपणे म्हणाले, "उसवा. परत." तिसऱ्या खेपेला कडा सरळ आल्या.

सोलापुरात आमच्या पूर्व भागात दिवसभर मागांची खटखट, सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे हे पोरांना पाठ, पण आडवा धागा इकडून तिकडे नेणारा धोटा कुणी हातात धरलेला नव्हता.

२०२० च्या शैक्षणिक धोरणात कारागिरांकडून काम शिकायला दप्तराविना दहा दिवस सहावी ते आठवीसाठी सुचवलेत. दुसरीला का नकोत? आजोबांचा खर्च एक कप चहा. कात्री तेवढी बाईंच्या हाती ठेवा.