फातोर्ड्याचा सामना बघून रत्नागिरीला परत यायचंय, स्वस्तात कसं?

मिरजोळे_मिडफिल्ड:
मंडळी, मुंबई सिटी या फुटबॉल संघाचे आम्ही सहा पाठीराखे, रत्नागिरीहून रेल्वेने मडगावच्या फातोर्डा स्टेडियमला जाणार. सामना संध्याकाळी साडेसातचा. जनरल की रिझर्व्हेशन? आणि रात्री परतीचं काय?

रुळावरचा:
जाताना जनशताब्दी एक्सप्रेसचं सेकंड सीटिंग (बसायची आरक्षित जागा) घ्या. दुपारी मडगावला उतरवते, जागा हक्काची आणि भाडं स्लीपरपेक्षा कमी. मांडवी एक्सप्रेस त्याहून स्वस्त पडते, पण पोचते संध्याकाळी. आपला कोकण रेल्वेचा मार्ग वीर स्टेशनच्या पुढे एकेरी. समोरच्या गाडीला वाट द्यायला क्रॉसिंगला गाडी बाजूला घेतली की अर्धा तास गेलाच, म्हणजे पहिला हाफ हुकला.

बुकिंग 60 दिवस आधी उघडतं. एका पीएनआरवर, म्हणजे एका आरक्षित तिकिटावर, सहा जण बसतात. तत्काळला मात्र चारच, म्हणजे तुम्हाला दोन तिकिटं काढावी लागतील. सेकंड सीटिंग आणि स्लीपरचं तत्काळ आदल्या दिवशी सकाळी 11 ला सुरू होतं, ऑनलाइन काढायला आयआरसीटीसीच्या खात्याला आधार जोडलेला हवा. कन्फर्म तत्काळ रद्द केलं तर दमडी परत मिळत नाही, त्यामुळे सामन्याचं तिकीट हातात आल्याशिवाय काढू नका.

रत्नागिरी-मडगाव रुळाने 230 किमीच्या आसपास, पण कोकण रेल्वेवर भाडं 40 टक्के वाढीव अंतराने लागतं. एसटीशी तुलना करताना हे धरून चाला.

कुडाळचा_कीपर:
खरी अडचण परतीची. कोकणकन्या एक्सप्रेस मडगावहून संध्याकाळीच सुटते, सामना संपेपर्यंत ती कुठल्या कुठे गेलेली असते. तेव्हा सकाळची मांडवी धरायची.

इथे बरेच जण फसतात. 200 किमीच्या आतलं जनरल तिकीट काढल्यापासून तीन तासांत किंवा तिथे जाणारी पहिली गाडी सुटेपर्यंत, यातलं जे नंतर असेल तोवर, प्रवास सुरू करावा लागतो. कुडाळ, सावंतवाडीच्या पोरांनी रात्री दहाला काढलेलं तिकीट सकाळी बाद ठरू शकतं, वर टीसी दंड लावतो. त्यांनी ते सकाळीच काढावं. तुमचं अंतर 200 च्या वर, त्यामुळे खिडकीवर तीन दिवस आधीपर्यंत मिळतं. दुपारी उतरल्या उतरल्याच परतीचं घेऊन टाका.

दुसरं म्हणजे मांडवी साधी एक्सप्रेस, कोकणकन्या सुपरफास्ट. साधं जनरल तिकीट घेऊन कोकणकन्येत चढलात तर सुपरफास्टचे 15 रुपये कमी भरलेले असतात, तिथेही दंड. मोबाइलवर काढणार असाल तर स्टेशनच्या आवारात शिरण्याआधी काढा. स्क्रीनशॉट चालत नाही, तिकीट अ‍ॅपमध्येच दाखवावं लागतं.

मिरजोळे_मिडफिल्ड:
आभार. बॅगांचं काय? स्टेडियमात नेऊ देतील का?

कुडाळचा_कीपर:
मोठ्या बॅगा, पाण्याच्या बाटल्या गेटवरच अडवतात. स्टेशनच्या क्लोक रूममध्ये ठेवा. तिथे प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं आणि बॅगेला कुलूप नसेल तर घेतच नाहीत. दोन्ही चेनचे हुक एकत्र ओवून छोटं कुलूप अडकवलं तरी चालतं. सहा जणांचं सामान दोन बॅगांत बसवा, पैसे नगावर लागतात. स्टेडियम तीन-चार किमीवर, रिक्षाचं भाडं बसण्याआधी ठरवा.

रुळावरचा:
एक राहिलंच. पावसाळी वेळापत्रक जूनपासून थेट ऑक्टोबरपर्यंत चालतं आणि तेव्हा गाड्यांच्या वेळा बदलतात. सामना त्या काळात असेल तर मागच्या वर्षीच्या वेळेवर विसंबू नका, त्याच तारखेची वेळ बघा.