कारच्या अँपवर एचपीएफचा (हाय-पास फिल्टर, ठरावीक फ्रिक्वेन्सीखालचा आवाज अडवणारा) काटा ८० हर्ट्झवर असला म्हणजे कट ८० लाच असतो?

कारच्या दारातल्या स्पीकरसाठी एचपीएफ कितीवर लावायचा, यावर काहीजण ८० हर्ट्झ सुचवतात; एकाचं म्हणणं, स्पीकरसोबतच्या पॅसिव्ह क्रॉसओव्हरच्या डबीवर ३ किलोहर्ट्झ लिहिलंय, म्हणून अँपचा एचपीएफही तिथेच लावायचा. तसं केलंत तर दारातला मिडबास (बास आणि मधले सूर वाजवणारा वूफर) जवळजवळ मुकाच होईल. डबी फक्त वूफर आणि ट्वीटरची (बारीक, उंच सुरांचा छोटा स्पीकर) वाटणी करते; अँपच्या एचपीएफचं काम सहा-साडेसहा इंची वूफरला खोल बासपासून वाचवणं. त्यामुळे ८० हर्ट्झ सुचवणाऱ्यांशी सहमत.

पण 'काटा ८० वर ठेवा, झालं' हे काही पटत नाही. माझ्या अँपवर काटा ८० वर असताना प्रत्यक्षात कट ११० च्या आसपास होत होता. एवढ्याशा नॉबवर अचूकपणा कुठून येणार! साधा मल्टिमीटर पुरतो. स्पीकरच्या वायरी अँपमधून काढा, मीटर एसी व्होल्टवर ठेवून आउटपुटला लावा, फिल्टर बंद करून ८० हर्ट्झचा टोन वाजवा. समजा १० व्होल्ट आले, तर आता व्हॉल्यूमला हात न लावता एचपीएफ चालू करून ७ व्होल्ट येईपर्यंत नॉब फिरवा. ३ डेसिबलची घट म्हणजे ०.७०७ पट, बहुतेक अँपमध्ये तोच कटऑफ. हे करताना हेडयुनिटचा (डॅशबोर्डवरच्या स्टिरिओचा) एचपीएफ बंद हवा, नाहीतर दोन्ही फिल्टर एकावर एक चढतात. आणि अँपवर 'एक्स १०' चं बटण असेल तर तेही बघा, ते दाबलेलं राहिलं की ८० चे ८०० होतात. (मी दोन दिवस स्पीकरला शिव्या घातल्या होत्या.)