जर, तर, नाहीतर : प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या धड्यांतले मराठी शब्द

(सोलापुरातली एक चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याच्या नावाऐवजी त्याच्या भागाचे नाव आहे.)

जुळे सोलापूर

आठवी-नववीच्या मुलांसाठी पायथन या संगणकभाषेची मराठी सराव-पत्रके करते आहे. वर्गात मराठी, तेलुगू, कानडी अशा तिन्ही घरांतली मुले. 'कंडिशनल स्टेटमेंट'ला 'सशर्त विधान' लिहावे की नुसते 'अट'? इंटिजर, फ्लोट, स्ट्रिंग, बूलियन यांना काय म्हणावे? 'इफ-एल्स'ला 'जर-अन्यथा' चालेल का? शब्द शुद्ध असावा एवढेच नाही, त्याच्यामुळे पोराचा कोड चुकू नये ही खरी गरज आहे.

बाळीवेस

'अट' लिहा. क्रियापदे तिच्याशी आपोआप जुळतात : अट लागू होते, अटीत बसतो, अट खोटी ठरली. 'सशर्त विधान' प्रश्नपत्रिकेत शोभते, फळ्यासमोर कोणी बोलत नाही. 'शर्त' मात्र नको, पोरांना पैज आठवते.

'अन्यथा'पेक्षा 'नाहीतर' बरे, पण जोडून लिहायचे हे पहिल्याच पत्रकात सांगा. 'पास नाही तर तिकीट काढ' यात 'नाही तर' तोडलेले आहे, ते 'इफ नॉट'. 'पास दाखव, नाहीतर तिकीट काढ' हे 'एल्स'. बोलताना दोन्ही सारखेच ऐकू येतात, म्हणून तोंडी सांगितलेल्या गणितात पोरे एल्सच्या जागी नवी नकारार्थी अट घालून मोकळी होतात.

'एलिफ'ला 'नाहीतर जर'. कानाला जरा खडबडीत लागते, पण काम चोख करते : आधीची अट फसली तरच ही तपासायची, हे त्यातल्या 'नाहीतर'मध्येच आले.

अक्कलकोट रोड

'जर-तर'बद्दल एक गोष्ट लक्षात घ्या, मॅडम. मराठीत 'जर' ऐच्छिक असतो, 'तर' सक्तीचा. 'पाऊस आला तर सांग' पूर्ण वाक्य आहे, 'जर पाऊस आला सांग' नाही. पायथनमध्ये बरोबर उलटे. 'इफ' सक्तीचा, 'तर'साठी शब्दच नाही, त्याच्या जागी ओळीच्या शेवटी विसर्गासारखे दोन टिंब. नवशिके ते टिंब विसरतात त्याचे निम्मे कारण हेच. 'विसर्ग म्हणजे तर' असे एकदा बिंबवले की ओळ मोठ्याने वाचतानाच चूक सापडते : 'जर वय पाचपेक्षा कमी... तर कुठाय?' बेसिक आणि पास्कल या जुन्या भाषांत 'देन' हा शब्द लिहावाच लागे, तिथे ही अडचण नव्हती.

कानडी-तेलुगू घरांतल्या मुलांना तर 'जर' आणखीच परका. त्यांच्याकडे अट क्रियापदाच्या शेपटात असते, कानडीत 'बंदरे', तेलुगूत 'वस्ते', म्हणजे 'आला तर'. पण 'नाहीतर' तिघांचा एकाच साच्यातला : कानडी 'इल्लदिद्दरे', तेलुगू 'लेकपोते', दोन्हींत 'नाही' अधिक 'तर'. 'किंवा'साठी कानडीत 'अथवा'च म्हणतात, तेलुगूत 'लेदा'. पत्रकात 'किंवा / अथवा' दोन्ही छापा, 'अन्यथा' गाळा.

सात रस्ता

डेटाच्या प्रकारांचे सांगतो.

इंटिजरला 'पूर्णांक', 'पूर्ण संख्या' नाही. शाळेच्या गणितात पूर्ण संख्या शून्यापासून पुढे, ऋण संख्या पूर्णांकांत येतात. उणे ३ हा पायथनचा इंटिजर आहे, तेव्हा 'पूर्ण संख्या' लिहिलेत तर गणिताच्या सरांशी भांडण ठरलेले. एक खाच अशी की २.५ आपण 'दोन पूर्णांक पाच दशांश' असे वाचतो, त्यामुळे काही मुलांना २.५ हाही पूर्णांक वाटतो. ते वाचन त्या तासापुरते टाळा, 'अडीच' म्हणा.

फ्लोटला 'दशांश संख्या'. 'अपूर्णांक' चुकीचे, कारण ३.० हाही फ्लोट आणि त्यात अपूर्ण काहीच नाही. 'तरंगती संख्या' हे भाषांतर शब्दकोशात राहू द्या. पायथनमध्ये ४० भागिले २ केले की उत्तर २० नाही, २०.० येते, एका तिरक्या रेघेचा भागाकार नेहमी दशांशच देतो. पूर्णांक हवा तर दोन तिरक्या रेघा : ९५ // २ म्हणजे ४७, पण वरचे अर्धे गेले. किराण्याच्या हिशेबात हे लगेच अंगाशी येते.

किराण्यावरून : पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच ही आपली मापे संगणकाला अगदी नेमकी साठवता येतात, कारण दोनाने भागत गेले की ती सापडतात. सव्वा अधिक पावणेदोन बरोबर ३.० येते. ०.१ मात्र द्विमान पद्धतीत कधीच नेमका बसत नाही, म्हणून ०.१ + ०.२ विचारले तर ०.३०००००००००००००००४ असे उत्तर येते आणि '== ०.३' (०.३ शी समान आहे का) ही अट खोटी ठरते. दशांश संख्यांवर '==' लावू नका. पैशांचे गणित पैशांतच, म्हणजे पूर्णांकात करा, रुपये शेवटी दाखवताना शंभराने भागा. संख्या जवळच्या पूर्णांकाकडे नेणारा 'राउंड' वापरणार असाल तर राउंड(२.५) चे उत्तर २ आणि राउंड(३.५) चे ४ येते हे आधीच सांगा. बरोबर मध्ये असलेली संख्या तो जवळच्या सम संख्येकडे नेतो. आपल्या शाळेतली 'पाच असेल तर वर' ही रीत तिथे नाही.

स्ट्रिंगला 'मजकूर'. 'अक्षरमाला' सुंदर आहे पण फसवी. मजकुराची लांबी मोजणाऱ्या लेन("सोलापूर") चे उत्तर ७ येते. आपण मोजतो सो-ला-पू-र, चार. पायथन काना, मात्रा, उकार वेगळे धरतो. 'अक्षरमाला' शिकलेले मूल चारच अपेक्षित धरणार.

बूलियनला 'खरे-खोटे' पुरे. जॉर्ज बूल या गणितज्ञाच्या नावावरून शब्द आला, त्याचा प्रतिशब्द पाडत बसू नका.

जुळे सोलापूर

मजकूर आणि पूर्णांक यांतली गल्लत कशी दाखवू? मुले वय विचारतात, उत्तर घेतात आणि थेट तुलना करतात.

सात रस्ता

'इनपुट' जे आणून देते ते नेहमी मजकूर असते, अंक टंकला तरी. त्याची पूर्णांकाशी 'लहान की मोठा' अशी तुलना केली की पायथन 'टाइप एरर' देऊन थांबतो. ही चूक बरी, निदान ओरडते तरी. मुकी चूक वाईट : दोन्ही बाजूंना मजकूर असला तर "१०" < "९" हे खरे ठरते, कारण तुलना पहिल्या चिन्हापासून होते आणि १ हा ९ च्या आधी येतो. तसेच "५" + "५" म्हणजे "५५". म्हणून घेतानाच इंट(इनपुट("वय: ")) करा, 'इंट' मजकुराचा पूर्णांक करतो.

आता गंमत. मुलाने वय देवनागरी अंकांत टंकले तरी 'इंट' ते नीट वाचतो, "४२" चे बेचाळीसच होतात. मजकूर म्हणून मात्र देवनागरी "४२" आणि इंग्रजी अंकांतले बेचाळीस समान नाहीत, '==' खोटे सांगेल. आणि प्रोग्रॅमच्या ओळीत संख्या लिहायची तर इंग्रजी अंकच लागतात. चलाचे नाव देवनागरीत चालते : वय, भाडे, वजन. 'इंट'ला रिकामी ओळ, "१२.५" किंवा स्वल्पविरामासह "१,२००" दिले तर 'व्हॅल्यू एरर', मागे-पुढे मोकळी जागा असली तर मुकाट्याने चालवून घेतो.

'चल' आणि 'स्थिरांक' बीजगणितातलेच ठेवा. '=' ला 'बरोबर' म्हणू नका. '=' म्हणजे 'ठेव', '==' म्हणजे 'समान आहे का'. पायथनमध्ये अटीत एकच '=' लिहिला तर तो लगेच अडवतो. सी भाषेत फार तर इशारा देऊन पुढे चालतो, आणि 'वय = ५' अट कायम खरी ठरते.

होटगी रोड

नवशिक्यांचे कोड सगळ्यात जास्त पडतात ते 'पर्यंत', 'वरील', 'ते', 'आत' या शब्दांवर आणि 'आणि'वर. एसटीच्या सवलती घ्या, प्रत्येक पोराला तोंडपाठ असतात : पाच वर्षांखाली तिकीट नाही, ५ ते १२ अर्धे, महिलांना अर्धे (मार्च २०२३ पासून), ६५ ते ७५ अर्धे, ७५ पूर्ण झालेल्यांना मोफत (ऑगस्ट २०२२ पासून). भाडे १०० धरा.

'७५ पूर्ण' म्हणजे वय >= ७५. बातमीत तेच '७५ वर्षांवरील' छापतात आणि पोरगं वय > ७५ लिहितं, बरोबर पंचाहत्तरीच्या आजोबांकडून पैसे घेतले जातात. 'पंचाहत्तरावे चालू' म्हणजे तर ७४. 'किमान' >=, 'कमाल' <=, 'पेक्षा जास्त' >, 'च्या आत' <. 'पर्यंत'मध्ये शेवटचा आकडा धरायचा. 'ते' हा शब्द शेवटच्या आकड्याबद्दल काहीच बोलत नाही, म्हणून पत्रकात '५ ते १२' नुसते लिहू नका, 'पाच पूर्ण, बारा पूर्ण व्हायचे आहेत' असे लिहा. सरावासाठी मी तेच धरतो. पायथनमध्ये ५ <= वय < १२ असे सलग लिहिलेले चालते. सीमध्ये तेच लिहिले तर आधी ५ <= वय चे उत्तर १ किंवा ० येते, मग ते १२ पेक्षा कमी का हे तपासले जाते, म्हणजे अट नेहमीच खरी.

आता 'आणि'. 'महिला आणि ज्येष्ठांना अर्धे तिकीट' हे वाक्य निर्दोष मराठी आहे. पोरगं त्यात 'आणि' बघतं आणि कोडात 'अँड' घालतं, मग सवलत फक्त ज्येष्ठ महिलांना. मराठीतला हा 'आणि' दोन गट एकत्र करतो, कोडात तिथे 'ऑर' लागतो. ओळखायची खूण : एकाच माणसाबद्दल वाक्य फिरवून बघा. 'ती महिला आहे किंवा ज्येष्ठ आहे' म्हटल्यावर सवलत मिळते ना? मग ऑर. 'चहा की कॉफी?' मधला 'की' तिसराच, त्यात दोन्ही मागता येत नाहीत. पायथनच्या 'ऑर'ला दोन्ही खरे चालतात, म्हणून त्याला 'किंवा' म्हणा, 'की' नव्हे.

दुसरा सापळा आपल्या वाक्यरचनेचा. 'प्रकार महिला किंवा ज्येष्ठ असेल तर' असे आपण म्हणतो, 'प्रकार' दोनदा म्हणत नाही. कोडात तसेच उतरवले, इफ प्रकार == "महिला" ऑर "ज्येष्ठ", की सगळ्या बसला अर्धे तिकीट. कारण "ज्येष्ठ" हा रिकामा नसलेला मजकूर स्वतःच खरा मानला जातो. प्रकार == दोन्ही बाजूंना लिहायलाच हवे. याच नियमाने 'पास आहे का?' विचारून आलेले उत्तर थेट अटीत घातले तर "नाही" हेही खरे. फक्त रिकामा मजकूर खोटा.

क्रम असा (खाली उच्चाराप्रमाणे लिहिले आहे, मशीनवर इफ-एलिफ-ऑर रोमन लिपीत आणि संख्या इंग्रजी अंकांत) :

इफ वय < ५ ऑर वय >= ७५:
    तिकीट = ०
एलिफ वय < १२ ऑर वय >= ६५ ऑर लिंग == "महिला":
    तिकीट = भाडे / २
एल्स:
    तिकीट = भाडे

मोफतची अट आधी. महिलांची अट वर नेली तर ७८ वर्षांच्या आजींना आणि तीन वर्षांच्या चिमुरडीला ५० रुपये लागतील. आणि एलिफऐवजी वेगवेगळे इफ लिहून प्रत्येकात भाडे निम्मे केले तर ६८ वर्षांच्या आजींचे १०० चे ५०, ५० चे २५ होतात. 'नाहीतर जर' शब्द तिथे किती कामाचा ते दिसते.

अशोक चौक

"महिला"वरून, लय पोरे इथे अडकतात. "महीला" लिहिले, शेवटी एक मोकळी जागा राहिली, की अट खोटी. मोकळी जागा 'स्ट्रिप' काढतो, दीर्घ वेलांटी कोण काढणार! सरावात १ किंवा २ असे पर्याय ठेवा.

आणखी सूक्ष्म : 'दुसऱ्या', 'कोऱ्या' यांतला र दोन तऱ्हांनी टंकता येतो. काही कळफलक 'ऱ'ला हलंत देऊन 'य' जोडतात, काही साध्या 'र'ला हलंत देऊन मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही हुबेहूब, पण '==' खोटे. आणि असे जोडचिन्ह चलाच्या नावात आले तर पायथन 'न दिसणारे चिन्ह' अशी तक्रार करून ओळच नाकारतो. चलांच्या नावांत हा र टाळा, 'दुसऱ्याचे_वय'ऐवजी 'वय२'. शेवटचा २ देवनागरी असला तरी चालतो, नावाची सुरुवात मात्र अंकाने नको.

जुळे सोलापूर

इंडेंटला काय लिहू? 'समास' म्हटले तर मराठीच्या तासातला समास डोक्यात येईल.

बाळीवेस

वहीचा समासही त्यांना ठाऊक असतो, तरी 'ओळ आत घ्या' हे सरळ आहे. चार मोकळ्या जागा, टॅब आणि मोकळ्या जागा मिसळू नका, 'टॅब एरर' येतो. आत घेतलेल्या ओळी 'तर'च्या, बाहेर आलेली ओळ अट खरी असो वा खोटी, चालणारच.

होटगी रोड

आणि पत्रकाच्या तळाशी तपासायची वये छापा : ४, ५, ११, १२, ६४, ६५, ७४, ७५, प्रत्येक वय पुरुष व महिला दोन्हींसाठी. मधली ३० किंवा ४० टाकून कोड बरोबर आला तरी सीमा तपासल्या जात नाहीत. भाडे एकदा ९५ करून बघा, ४७.५ दिसेल. शिवाय उणे ३ टाका. वरचा कोड त्याला मोफत सोडतो, कारण उणे ३ पाचपेक्षा कमीच आहे. सगळ्यात आधी 'इफ वय < ०' ही ओळ घालून पुढचा पहिला इफ एलिफ करायला सांगा.