अनुभव धागा: झेव्हियर-मॅग्नेटोची दोस्ती तुटली, तेव्हा तुम्ही कोणाच्या बाजूला होतात?

मंडळी, 'एक्स-मेन' या कॉमिकचा पहिला अंक सप्टेंबर १९६३चा. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी त्यात प्रोफेसर झेव्हियर आणि मॅग्नेटो यांना समोरासमोर आणलं ते पक्के वैरी म्हणून. एक शिक्षक, दुसरा खलनायक, विषय संपला. हे दोघं एके काळी जिवलग होते, ही गोष्ट लिहिली क्रिस क्लेअरमाँटने, थेट १९८२ साली, अंक १६१मध्ये. हैफामध्ये छळछावण्यांतून वाचलेल्यांवर उपचार करणारं रुग्णालय, तिथे मदतनीस असलेला मॅग्नस, म्हणजे पुढचा मॅग्नेटो, आणि तिथे आलेला तरुण चार्ल्स, म्हणजे झेव्हियर. वेगळ्या शक्ती घेऊन जन्मलेल्यांना, म्हणजे म्युटंटना, जग जगू देईल का, यावर दोघं वाद घालतात. आपण स्वतःच त्यातले आहोत हे मात्र आधी कोणीच बोलत नाही. मग स्ट्रकर हा नाझी येतो, शक्ती उघड होतात, आणि मॅग्नस नाझींचं सोनं घेऊन निघून जातो.

हा अंक वाचल्यावर मागची वीस वर्षांची मारामारी पुन्हा वाचावीशी वाटते. दोघांनाही म्युटंट मुलं जिवंत राहायला हवी आहेत. भांडण आहे ते माणसांवर विश्वास ठेवायचा की नाही याचं. तुम्ही हे वैर पहिल्यांदा कुठे वाचलंत, कोणाची बाजू घेतलीत, पुढे ती बदलली का, ते मोकळेपणाने लिहा. सिनेमावाल्यांनीही लिहा, आणि दुसऱ्या कुठल्या जोडीचं असेल तरी चालेल.

मुंबईहून

मी उलट्या क्रमाने आलो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी फोर्टच्या फुटपाथवर जुनी मासिकं उपसताना १९९३चा पंचविसावा अंक मिळाला, नव्या मालिकेतला. आधीचं काहीही माहीत नव्हतं. त्यात मॅग्नेटो एक्स-मेनमधल्या वुल्व्हरिनच्या हाडांवरचा अॅडमँटियम धातू त्याच्या अंगातून ओढून काढतो. ते पान मी उभ्या उभ्या वाचलं आणि हातपाय गार पडले. पण खरा धक्का पुढच्या पानांत होता. आजवर संयमाचे धडे देणारा झेव्हियर रागाने मॅग्नेटोच्या मनात शिरतो आणि ते पुसून टाकतो. शरीर श्वास घेतंय, आत कोणी नाही.

तेव्हा वाटलं, बरं झालं. खलनायकाला शिक्षा झाली. काही वर्षांनी अंक १६१ हाती आला आणि तीच पानं पुन्हा काढली. आता मला दिसत होता तो एका मित्राने दुसऱ्याचं मन मारल्याचा क्षण. शिवाय त्यात हैफाच्या आठवणीही गेल्या असणार, हे मनातून जाईना. पुढे १९९६मध्ये लेखकांनी त्याची किंमतही दाखवली. मॅग्नेटोच्या मनातला काळोख त्या वेळी झेव्हियरमध्ये शिरला होता, आणि दोघांच्या दडपलेल्या रागातून ऑनस्लॉट नावाचं संकट जन्माला आलं. सुपरहिरोंच्या कथांमध्ये मैत्रीचा इतका भीषण शेवट मी दुसरा वाचलेला नाही. वुल्व्हरिनच्या जखमेबद्दल सगळे बोलतात, मॅग्नेटोच्या मनाबद्दल फार कमी. मला ते उलट असायला हवं असं वाटतं.

सातारा जिल्ह्यातून, एक शिक्षिका

माझ्यासाठी सगळं काही अंक २००मध्ये आहे. डिसेंबर १९८५. पॅरिसमध्ये मॅग्नेटोवर खटला चालू आहे आणि त्याच्या बाजूने उभी राहते गॅब्रिएल हॅलर, म्हणजे हैफामध्ये या दोघांनी मिळून जिला वाचवलं तीच. स्ट्रकरची जुळी मुलं हल्ला करतात, झेव्हियरची प्रकृती ढासळते, आणि तो जाता जाता आपली शाळा मॅग्नेटोच्या हाती सोपवतो.

शाळा! जिथे त्याची पोरं आहेत ती. ज्याच्याशी आयुष्यभर भांडलो त्याच्यावर पोरं सोपवायची, तर मनात त्याच्याबद्दल किती खोल खात्री असावी लागेल? मी वर्ग सोडून रजेवर जाताना कोणाला सांगून जायचं याचा दहादा विचार करते, म्हणून हे मला फार भिडतं.

आणि मॅग्नेटोने तो शब्द पाळायचा मनापासून प्रयत्न केला, हे लोक विसरतात. तो 'न्यू म्युटंट्स'च्या मुलांचा मुख्याध्यापक झाला. मुलं त्याला घाबरायची, त्याला त्यांच्याशी बोलता यायचं नाही, पण तो थांबला. मग १९८८मध्ये, त्या मालिकेच्या साठाव्या अंकात, डग रॅम्सी गेला. रेन या सोबतच्या मुलीवर झाडलेली गोळी त्याने स्वतःवर घेतली. मॅग्नेटो तिथे नव्हता. आपल्या हाताखालचं मूल गेल्यावर तो पुन्हा जुन्या कडवटपणाकडे वळत गेला, याला मी नुसतं 'खलनायक परत आला' म्हणणार नाही. शाळेतलं एक मूल गेलं की त्या इमारतीत पाय टाकणं किती अवघड होतं, ते मी जवळून पाहिलंय. झेव्हियर तेव्हा अंतराळात होता. मला त्याचा राग येतो, अजूनही.

न्यूयॉर्क राज्यातून

आम्ही वेस्टचेस्टर काउंटीत राहतो, म्हणजे झेव्हियरची शाळा कथेत जिथे आहे तिथेच. मुलाला त्याचं भारी अप्रूप. त्याची ओळख २०११च्या सिनेमातून झाली. क्युबाचा किनारा, एरिक, म्हणजे मॅग्नेटो, बंदुकीच्या गोळ्या हाताने वळवतो आणि त्यातली एक चार्ल्सच्या कण्यात शिरते. मूळ कॉमिक्समध्ये चार्ल्सचे पाय वेगळ्या कारणाने जातात, पण सिनेमाने ते दुखणं मित्राच्या हातून दिलं, आणि ते मला पटलं. मुलगा मात्र सिनेमा संपल्यावर रडत विचारत होता, "आई, ते परत कधीच बोलणार नाहीत का?" मी त्याला २०००च्या सिनेमाचा शेवट दाखवला. प्लॅस्टिकच्या तुरुंगात दोन म्हातारे बुद्धिबळ खेळताहेत. तेव्हा कुठे तो झोपला.

नागपूरहून

माझी जोडी कॅप्टन अमेरिका, म्हणजे स्टीव्ह किंवा कॅप, आणि आयर्न मॅन, म्हणजे टोनी. २०१६चा सिनेमा आमच्या अख्ख्या ग्रुपने एकत्र पाहिला आणि बाहेर पडताच दोन तट पडले. पण मार्क मिलार आणि स्टीव्ह मॅकनिव्हन यांची २००६-०७ची सात अंकांची 'सिव्हिल वॉर' वाचली, तेव्हा कळलं की सिनेमा बराच सौम्य आहे. सिनेमात स्टीव्हचा जुना मित्र बकी याने टोनीच्या आईवडिलांना मारलेलं असतं, म्हणजे भांडण शेवटी घरगुती होतं. कॉमिकमध्ये तसं काहीच नाही. स्टॅमफर्डमध्ये स्फोट होतो, शाळकरी मुलांसह शेकडो माणसं मरतात, सरकार सुपरहिरोंना नोंदणी सक्तीची करतं, आणि दोन सभ्य माणसं दोन बाजूंना जातात.

तिसऱ्या अंकात टोनी तडजोडीसाठी हात पुढे करतो. स्टीव्ह तो हात हातात घेतो आणि त्याच क्षणी टोनीच्या तळव्यावर चिलखत बंद पाडणारं यंत्र चिकटवतो. मी कॅपच्या बाजूचा. तरीही ते पान मला आजही बघवत नाही. कायदा चूक होता हे मान्य, पण मित्राने पुढे केलेला हात असा वापरायचा? पुढच्या अंकात टोनीच्या बाजूने बनवलेल्या थॉरच्या नकलेकडून कॅपच्या बाजूचा सुपरहिरो गोलाएथ मारला जातो, म्हणजे टोनीच्या बाजूनेही सगळी मर्यादा ओलांडली. शेवटी कॅप ढाल उगारतो, तेव्हा त्याला अडवतात साधी माणसं, मदतीला धावून आलेले कर्मचारी. तो उद्ध्वस्त रस्ता पाहतो, मुखवटा काढतो आणि शरण जातो.

सांगलीहून

२०११ची 'स्किझम' कोणीच काढली नाही म्हणून लिहितो. एक्स-मेनचा नेता सायक्लॉप्स आणि वुल्व्हरिन. दोघांचंही जिच्यावर प्रेम, त्या जीन ग्रेचा विषय लोक यात आणतात, मला तो दुय्यम वाटतो. मुद्दा असा की चौदा वर्षांच्या इडी या म्युटंट मुलीला शत्रूंना मारावं लागतं. सायक्लॉप्स म्हणतो, युद्ध आहे. वुल्व्हरिन, ज्याने आयुष्यभर माणसं मारली, तो म्हणतो, पोरांना यात ओढायचं नाही. तो निम्मी मंडळी घेऊन निघतो आणि नवी शाळा काढतो.

आमचा हौशी नाट्यसंघ असाच फुटला. लहान मुलांना स्पर्धेच्या धबडग्यात किती राबवायचं, एवढंच कारण. दोघंही संघ उभा करणारे, दोघंही माझे जवळचे. आता एकमेकांच्या प्रयोगाला येत नाहीत. मी दोन्हीकडे जातो. ही मालिका मी त्या काळात वाचली, आणि लेखक जेसन अॅरनने कोणालाच पूर्ण खोटं ठरवलं नाही याचा फार आधार वाटला.

कोल्हापूरहून

मी नवा वाचक, थोडक्यात लिहितो. १९९५च्या 'एज ऑफ अॅपोकॅलिप्स'मध्ये झेव्हियर तरुणपणीच मॅग्नेटोला वाचवताना मरतो, आणि मग एक्स-मेनची स्थापना करतो मॅग्नेटो, मित्राचं स्वप्न म्हणून. मुलाचं नावही चार्ल्स ठेवतो. मला एवढंच पुरलं, मी आयुष्यभरासाठी मॅग्नेटोचा झालो. आता सुरुवातीपासून वाचायचंय. कुठून धरू?

धागाकर्ती

१९६३पासून नको, दमशील. अंक १५० घे, त्यात मॅग्नेटो किटी प्राइडला जवळजवळ मारतो आणि आपण एका लहान मुलीवर हात उगारला हे पाहून हादरतो. मग १६१, मग २००. त्यानंतर १९९१च्या नव्या मालिकेचे पहिले तीन अंक, क्लेअरमाँट आणि जिम ली यांचे. पहिल्याच्या ८० लाखांहून जास्त प्रती खपल्या होत्या, त्यामुळे जुन्या बाजारात सहज मिळेल. पंचविसावा त्यानंतरच वाच. तो वाचून झाला की २०१९चा 'हाऊस ऑफ एक्स' काढ, त्यात दोघं पुन्हा एका बेटावर, एकाच बाजूला आहेत. वाचून झाल्यावर इथे येऊन लिही, बाजू बदलली का ते मला खरंच जाणून घ्यायचंय.