वर्तुळाकार लहर चौकोनी का होते?
संगणकावर लहरीचं गणित चौकोनी जाळीवर सोडवलं की बिंदुस्रोतातून निघालेली लहर कर्णाच्या दिशेने पुढे जाते आणि अक्षांवर मागे राहते. त्यावर कुणी सुचवतं की कालपावलं (लागोपाठच्या दोन गणनांमधला वेळ) लहान करा. थांबा, त्याने चूक उलट वाढेल. नेहमीच्या द्वितीय-कोटी पद्धतीत (जिच्यात चूक पावलाच्या वर्गाच्या प्रमाणात असते) काळाची चूक आणि जागेची चूक एकमेकींना काही अंशी खोडतात. द्विमितीत कुरां अंक (एका कालपावलात लहर किती चौकटी पुढे जाते तो आकडा) १/√२ ठेवला तर कर्णावरची लहर अगदी अचूक वेगाने जाते! पाऊल कमी केलंत की हा फुकटचा फायदा गेला.

आकडेच पाहा. तरंगलांबीमागे १० चौकटी, कुरां अंक ०.५: अक्षावर वेग सुमारे १.२७ टक्के कमी, कर्णावर फक्त ०.४२. ऐकायला किरकोळ, पण २० तरंगलांब्या गेल्यावर अक्षावरची लहर पाव तरंगलांबी मागे पडलेली असते. मग व्यतिकरणाची चित्रं कसली जुळतात!

जाळी निम्मी केली की चूक चौथाई, पण त्रिमितीत काम सोळापट. त्याआधी नऊ बिंदूंचा लाप्लासियन, म्हणजे एखाद्या बिंदूवरचं मूल्य आजूबाजूच्या मूल्यांपेक्षा किती वेगळं आहे ते मोजणारं सूत्र, द्विमितीत वापरून बघा (शेजारी ४, कोपरे १, मध्य −२०, भागिले ६h²; h म्हणजे चौकटीची बाजू). चूक जात नाही, मात्र अवकाशातली मुख्य चूक सगळ्या दिशांना सारखी होते, त्यामुळे वर्तुळ बऱ्यापैकी वर्तुळच राहतं.